बालविकासातील विलंब आणि शीघ्र हस्तक्षेप

मूल केव्हा बसते, चालते आणि बोलते याचे वेळापत्रक प्रत्येकाचे थोडे निराळे असते; जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचे वय सुमारे ८ ते १८ महिने इतके विस्तृत आढळले आहे. मात्र या मुभेलाही मर्यादा आहे. हालचाल, भाषा, आकलन किंवा सामाजिक व्यवहार यांतील टप्पे अपेक्षित वय उलटूनही गाठले जात नाहीत, तेव्हा त्या स्थितीस विकासात्मक विलंब म्हणतात. आणि अशा बालकांना व त्यांच्या कुटुंबांना सुरुवातीच्या वर्षांतच मिळणाऱ्या उपचार, प्रशिक्षण व मार्गदर्शनाला शीघ्र हस्तक्षेप अशी संज्ञा आहे.

‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले’ या समजुतीत जाणारा काळ महागात पडतो, कारण मेंदूतील चेतापेशींची जोडणी याच वर्षांत सर्वाधिक वेगाने होते आणि मिळणाऱ्या अनुभवांनुसार घडत जाते. जन्मजात बहिरेपण हे याचे ठळक उदाहरण होय: ऐकूच न आल्याने भाषा खुंटते, म्हणून पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्रादी उपाय हा क्रम जगभर मान्य झाला आहे.

भारतात फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मतःचे व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासात्मक विलंब अशा चार गटांसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. नवजात बालकांना आशा कार्यकर्ती घरी जाऊन पाहते, तर फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा व शाळेतील मुले एकदा तपासते. शंका आलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते, जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आदींनी मिळून त्याची योजना आखावी अशी रचना आहे.

तथापि केंद्रातील उपचार आठवड्यातून फार तर काही तासांचे असतात आणि दुर्गम पाड्यावरील मजूर कुटुंबाला तेवढ्यासाठीही मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. त्यामुळे अंघोळ, जेवण, कपडे घालणे आणि खेळ या रोजच्या व्यवहारांतच मुलाकडून काय व कसे करवून घ्यावे, हे पालकांना शिकवणे हाच या सेवेचा गाभा ठरतो. वाटी दाखवून ‘काय हवे?’ असे विचारल्यावर मुलाच्या बोटाची, नजरेची वा शब्दाची वाट पाहणे, हाही भाषेचा पाठच असतो.

हस्तक्षेपाने प्रत्येक दोष नाहीसा होत नाही. डाऊन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी आयुष्यभर सोबत राहते, पण मूल स्वतः जेवू, फिरू आणि आपली गरज सांगू शकण्याची शक्यता वाढते. म्हणून या कार्यक्रमाचे यश किती मुले तपासली यावर मोजणे अपुरे आहे. शंका आलेल्या मुलांपैकी कितींना नियमित उपचार मिळाले आणि कितींच्या घरी ते पुढे चालू राहिले, हाच त्याचा खरा निकष मानावा लागेल.