मिझोरामच्या चर्चमध्ये ढोल आला कसा?

ऐझॉलमध्ये रविवारी एखाद्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जाऊन बसलात, तर एकाच उपासनेत दोन अगदी वेगळ्या प्रकारचं गाणं ऐकायला मिळेल. एक गायकवृंदाचं. बायका आणि पुरुष मिळून चार भागांत गातात, प्रत्येक भागाची चाल वेगळी आणि तरी सगळं एकमेकांत नीट बसलेलं. दुसरं गाणं सगळ्या मंडळीचं. पुढ्यात दोन ढोल, एक मोठा, एक लहान. लय संथ, सूर लांबवलेले, आणि शेकडो माणसं एकच चाल आपापल्या गळ्याने थोडी मागेपुढे करत गातायत.

पहिल्या गाण्याची पद्धत वेल्समधून आली. दुसरं मिझो डोंगरातच घडलं. त्यातल्या ढोलाला चर्चच्या दारातून आत यायला साधारण पंचवीस वर्षं लागली, आणि तो आला तेव्हा सगळेच खूश होते असं नाही.

मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ११ लाख. त्यातले सुमारे ८७ टक्के लोक ख्रिस्ती, आणि राज्यातलं सर्वांत मोठं चर्च प्रेस्बिटेरियन. म्हणजे या चर्चमध्ये काय गायचं आणि कशाच्या साथीने गायचं, हा तिथे घराघरातला प्रश्न असतो.

मुळात वाद्याचं वावडं का?

'प्रेस्बिटेरियन' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'वडीलधारा'. या पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून निर्णय घेतात. मोठा प्रश्न असेल तर तो वरच्या सभेकडे जातो. मिझो भाषेत या वडिलांना 'उपा' म्हणतात. गावच्या मुखियाच्या सल्लागारांनाही पूर्वी हाच शब्द होता, त्यामुळे ही व्यवस्था मिझो माणसाला फारशी परकी वाटली नसावी.

या परंपरेचं मूळ सोळाव्या शतकातल्या जिनिव्हात, जॉन कॅल्व्हिनपाशी आहे. त्याच्या मते उपासनेत बायबलमधली स्तोत्रं गावीत, सगळ्यांनी मिळून एकाच चालीत गावीत, आणि वाद्यं नसावीत. गाण्याची गोडी शब्दांवर कुरघोडी करेल, ही भीती त्यामागे होती. (नाट्यसंगीताच्या चाहत्यांना हा वाद ओळखीचा वाटेल.) जिनिव्हाचं दीडशे स्तोत्रांचं पूर्ण गीतपुस्तक १५६२ मध्ये निघालं. स्कॉटलंडने हा दंडक आणखी कडक पाळला. तिथे १८०७ मध्ये ग्लासगोच्या एका चर्चने ऑर्गन वाजवून पाहिला, तर वडिलांच्या सभेने तो बंद पाडला. स्कॉटलंडच्या मुख्य चर्चमध्ये ऑर्गनला वाट मिळाली ती १८६० च्या दशकात, तीही बरीच भांडणं होऊन. तिथल्याच 'फ्री चर्च' या शाखेने स्तोत्रांखेरीज इतर गीतांना आणि वाद्यांना मुभा दिली ती तर थेट २०१० मध्ये.

तेव्हा मिझोराममध्ये ढोलावरून वाद झाला याचं कारण फक्त 'गोऱ्यांना आदिवासींचं वाद्य नको होतं' एवढंच नव्हतं. ऑर्गनवरूनही वाद घालणाऱ्या परंपरेतली ही गोष्ट आहे. अर्थात ढोलाच्या बाबतीत आणखी एक कारण होतं, त्याकडे येऊच.

अक्षरांत लिहिलेलं गाणं

वेल्समधल्या प्रेस्बिटेरियन लोकांचं वळण स्कॉटलंडपेक्षा वेगळं. त्यांना गाण्याचं वेड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गावोगावची माणसं एकत्र जमून दिवसभर चार भागांत धार्मिक गीतं गात. त्यात खाणकामगार असत, शेतमजूर असत. पाच रेघांवर ठिपके काढून लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत वाचायला यांना शिकवलं कुणी? फारसं कुणी नाही. त्यांनी दुसरीच पद्धत उचलली, तिचं नाव 'टॉनिक सोल-फा'.

इंग्लंडमधल्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने तिचा पाया घातला आणि जॉन कर्वेन यांनी ती सुधारून पसरवली. मराठी वाचकाला ही पद्धत एका वाक्यात कळेल: आपला सा जसा फिरता, तसा त्यांचा 'डो' फिरता. काळी दोनमध्ये गा की पांढरी चारमध्ये, सा तो सा. सोल-फामध्येही गाण्याच्या माथ्यावर पट्टी लिहायची आणि खाली सात स्वरांची सात आद्याक्षरं मांडायची. मात्रा वेगळ्या करायला विसर्गासारखे दोन ठिपके, सूर लांबवायचा तर आडवी रेघ. भातखंड्यांची स्वरलिपी पाहिली असेल तर हे अजिबात अवघड वाटणार नाही. छापायला वेगळे खिळे लागत नाहीत, साधी अक्षरं पुरतात.

ही छोटीशी सोय मिझोराममध्ये फार मोठी ठरली.

जानेवारी १८९४ मध्ये जे. एच. लोरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन मिशनरी तेव्हाच्या लुशाई टेकड्यांत पोहोचले. मिझो भाषेला लिपी नव्हती. त्यांनी रोमन अक्षरांत ती बसवली. १८९७ मध्ये ते निघून गेले आणि वेल्सच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे डी. ई. जोन्स आले. पुढच्या वर्षाअखेरीस एडविन रोलंड्स आले, आणि त्यांनी गीतांच्या भाषांतराचा सपाटा लावला. १८९९ मध्ये पहिलं गीतपुस्तक छापलं गेलं. वीसपेक्षा कमी गीतांची एक पुस्तिकाच ती, पण वाचायला नुकत्याच शिकलेल्या लोकांच्या हाती आलेल्या पहिल्यावहिल्या पुस्तकांपैकी एक.

म्हणजे ज्या अक्षरांत माणूस आपली भाषा वाचायला शिकत होता, त्याच अक्षरांत गाणंही लिहिलेलं मिळायला लागलं. साक्षरता आणि स्वरज्ञान हातात हात घालून आले. आजही तिथल्या गीतपुस्तकाची सोल-फा आवृत्ती निघते, आणि गायकवृंदातली मुलं नवी चाल कागदावरून थेट गाऊ शकतात.

मग अडलं कुठे?

अडलं ते दोन ठिकाणी. पहिली अडचण गळ्याची. जुन्या मिझो चाली थोड्या स्वरांत फिरणाऱ्या. पाश्चात्त्य चालींतले मध्यम आणि निषाद गळ्यावर चढायला वेळ लागला. पुढे मिझो लोकांनी स्वतः ज्या चाली रचल्या, त्यांतल्या बऱ्याच मुख्यतः पाच स्वरांतच राहिल्या. आपल्या भाषेत सा, रे, ग, प, ध. भूप गाणाऱ्याच्या कानाला ओळखीचे स्वर, राग मात्र नव्हे.

दुसरी अडचण खोल होती. मिझो समाजात गाणं सगळीकडे होतं. शिकार मिळाली की एक प्रकारचं, शत्रूवर विजय मिळाला की दुसऱ्या प्रकारचं. मेजवानीत तांदळाची दारू, म्हणजे 'झू', आणि तिच्या जोडीला ढोल. या ढोलाचं नाव 'खुआंग'. पोकळ केलेल्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर कातडं ताणून तो बनवतात. ख्रिस्ती झालेल्या माणसाने झू सोडायची होती. झूबरोबर मेजवानी गेली, मेजवानीबरोबर जुनी गाणी आणि खुआंगही गेला. मिशनरी इतकेच नव्या मंडळीतले मिझो वडीलही याबाबत कडक होते. त्यांच्यासाठी ढोलाचा आवाज म्हणजे जुन्या आयुष्याची हाक होती.

दरम्यान दुसऱ्या बाजूने उत्तर आलं. वेल्समध्ये १९०४ मध्ये धार्मिक जागृतीची मोठी लाट उसळली होती. ती खासी डोंगरांत पोहोचली. १९०६ मध्ये काही मिझो ख्रिस्ती मैरांग इथल्या संमेलनाला गेले आणि ती लाट घरी घेऊन आले. त्यानंतर दोनेक वर्षांतच गावागावांत 'पुमा झाई' नावाच्या गाण्याने धुमाकूळ घातला. प्रत्येक कडव्यात 'पुमा' हा शब्द, जोडीला नाच, मेजवानी, ढोल आणि ख्रिस्ती लोकांची टिंगलही. काही मुखियांनी त्याला उघड आश्रय दिला. गाण्याला उत्तर गाण्याने, आणि ढोल अर्थातच विरोधकांच्या बाजूला. १९११-१२ मध्ये बांबू फुलोऱ्यावर आला, उंदरांनी पिकं फस्त केली, दुष्काळ पडला. मेजवान्या आटल्या.

१९१९ ची लाट

१९१९ मध्ये धार्मिक जागृतीची तिसरी लाट आली आणि चित्र पालटलं. लोक रात्र रात्र गात होते, नाचत होते. इतकी माणसं, इतका वेळ, एका लयीत गाणार तर ठेका हवाच. या काळात खुआंग उपासनेत शिरला. कुण्या सभेने ठराव करून त्याला बोलावलं आणि मग तो आला, असं झालं नाही. लोकांनी आणला आणि वडिलांना त्यावर विचार करावा लागला. ढोलाने आणि नाचाने भान सुटतं का, ही चिंता वडीलमंडळींना तेव्हा होती आणि पुढेही राहिली.

ढोलापेक्षाही मला महत्त्वाचे वाटतात ते याच काळात पुढे आलेले कवी. पाटेआ, हुआला, कामलाला, साइहनुना. भाषांतरित गीतांची मिझो भाषा बोलण्यातली होती, अर्थ कळायचा पण काळजाला हात घालायची नाही. या कवींनी जुन्या गाण्यांतली काव्यभाषा पुन्हा वापरली. मिझोत 'लुंगलेन' नावाची एक भावना आहे. हुरहूर, विरह, दूर गेलेल्या माणसाची किंवा जागेची ओढ, सगळं त्यात आलं. माहेरच्या आठवणीने जीव व्याकूळ होतो, त्याच्या जवळपासचं काहीतरी. या कवींनी ती ओढ स्वर्गाकडे वळवली. त्यांच्या गीतांच्या सामूहिक गायनाला 'लेंगखॉम झाई' म्हणतात. संथ लय, खुआंगचा ठेका, आणि अनेक ठिकाणी एकजण पुढची ओळ आधी म्हणतो, मग सगळे ती गातात. सुरुवातीला पुस्तकं मोजकी आणि वाचता येणारे त्याहून कमी, त्यामुळे ही सोय. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्येही १६४५ च्या उपासना-नियमावलीत अगदी याच कारणासाठी स्तोत्र ओळीओळीने आधी वाचून दाखवायला सांगितलं होतं, आणि लुईस बेटावर गेलिक भाषेत स्तोत्रं आजही तशीच गातात.

अधिकृत गीतपुस्तकात भाषांतरित गीतांचाच भरणा मोठा राहिला. पण माणसं भावनेच्या भरात कोणतं गाणं धरतात, हे पुस्तक ठरवत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला. परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेली मराठी गीतं अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींना पुरेना, तेव्हा कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवरची भजनं आणि ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली. हे दोघे प्रेस्बिटेरियन नव्हेत, अमेरिकन मराठी मिशनच्या वर्तुळातले. पण टिळकांची गीतं ज्यात मोठ्या संख्येने आहेत ते 'उपासना संगीत' कोल्हापूर-मिरजेकडच्या, प्रेस्बिटेरियन मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळींतही गायलं जातं. फरक एवढाच की मराठी ख्रिस्ती गीताला तुकोबांचा छंद तयार मिळाला. मिझो कवींना धार्मिक गीताचा साचाच नव्याने घडवावा लागला.

मरणाच्या घरी

या गाण्याची खरी जागा बघायची असेल तर चर्चच्या बाहेर पडावं लागतं. मिझोराममध्ये कुणी गेलं की गावातली, वस्तीतली माणसं त्या घरी जमतात. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या यंग मिझो असोसिएशनची तरुण मंडळी कबर खणण्यापासून सगळी कामं अंगावर घेतात. दफन झाल्यावरही काही संध्याकाळी लोक पुन्हा त्या घरी येऊन गात बसतात. या गायनाला 'खॉहार झाई' म्हणतात, म्हणजे शोकाची, एकाकीपणाची गाणी. साथीला खुआंग. भाषण नाही, समजूत घालणं नाही. घरच्यांना एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच काम.

ज्या ढोलाला मेजवानीचा म्हणून चर्चबाहेर ठेवलं, तो आता सांत्वनाला लागतो. २०२० मध्ये कोविडच्या निर्बंधांत चर्चची दारं बंद झाली आणि शोकाच्या घरी जमणंही थांबलं, तेव्हा ज्या समाजाचा शोक गर्दीतच व्यक्त होतो त्याच्यासाठी ही केवळ एक उपासना चुकण्यासारखी गोष्ट नव्हती.

हल्ली गिटार, कीबोर्ड, मोठे स्पीकर आलेत. तरुणांच्या गायकवृंदांची गाणी यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात. संथ लेंगखॉम गायला नव्या पिढीकडे धीर आहे का, अशी कुरकुर जुनी माणसं करतात, जशी ती सगळीकडेच करतात. पण शिक्षण-नोकरीसाठी दिल्ली-बंगळुरूला गेलेले मिझो तिथे भाड्याच्या सभागृहात जमून आपली मंडळी उभी करतात, तेव्हा गायकवृंदासाठी सोल-फाचे कागद निघतात आणि सगळ्यांच्या गाण्यासाठी खुआंगही पुढे मांडला जातो.