मशीनचा श्वास, मानेतली शीर

तळेरे म्हणजे तिठा. मुंबई-गोवा महामार्गावरून इथे एक फाटा विजयदुर्गाला जातो, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून कोल्हापूरला. पेशंट गंभीर असला की घरच्यांची पंचाईत इथेच होते: घाट चढायचा, की ओरोसवरून सरळ गोव्यातल्या बांबोळीचं हॉस्पिटल गाठायचं? गाडी कुठेही वळो, मोठं ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञाची नजर बहुतेकदा पेशंटच्या मानेच्या उजव्या बाजूकडे जाते. तिथे कातडीखाली, धमनीला लागून एक जाड शीर आहे. सेंट्रल लाइनची नळी तिच्यातून थेट हृदयाच्या तोंडाशी पोचते. उजवीकडून वाट सरळ असते, म्हणून पसंती उजवीला.

शीर मोठी दिसली तर सुई नेमकी बसते. ती किती मोठी दिसेल हे बरंचसं व्हेंटिलेटरच्या हातात असतं.

आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो, रक्त हृदयाकडे ओढलं जातं आणि ही शीर चपटी होते. भूल दिलेल्या माणसात सगळं उलटं. मशीन हवा आत ढकलते, छातीतला दाब चढतो आणि रक्त मागे तुंबतं. भरतीला वाघोटणच्या खाडीत वरून येणारं पाणी तुंबतं ना, तसं. शीर फुगते. १९५२च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत ब्योर्न इब्सेन यांनी हा ढकलायचा श्वास वापरला. विद्यार्थी पाळीपाळीने तासन् तास हाताने बॅग दाबत बसायचे. त्याआधीचं लोखंडी फुप्फुस छाती बाहेरून ओढून श्वास घडवी, म्हणजे निसर्गासारखंच.

आजच्या मशीनवर ‘पीप’ची सेटिंग असते. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखायचा, हे तिचं काम. पीप शून्यावरून ५ किंवा १० सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर नेला, की सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर रुंदावताना दिसते. एका श्वासात किती हवा द्यायची, यानेही फरक पडतो. पण फुप्फुसाला इजा नको म्हणून ती वजनाच्या हिशेबाने किलोमागे ६ ते ८ मिलिलिटरच ठेवतात. केवळ शीर फुगवायला ती वाढवणं मला तरी आडमार्ग वाटतो. डोकं खाली करून टेबल कलवलं तर शीर आणखी भरते, शिवाय सुईवाटे हवा आत शिरायची भीतीही कमी होते.

दाब फुकट मिळत नाही. हृदयाकडे येणारं रक्त अडलं की ब्लडप्रेशर खाली येतं. जुलाबाने सुकलेल्या किंवा रक्त वाहून गेलेल्या पेशंटमध्ये तर झपाट्याने. त्यात शीर मुळातच रिकामी असली तर पीप वाढवूनही ती फारशी फुगत नाही. तिथे आधी सलाइन किंवा रक्त चढवायचं.

अपघातातला डोक्याला मार लागलेला पेशंट हा सगळ्यांत अवघड. मेंदूवर आधीच दाब, म्हणून डोकं खाली करता येत नाही, पीपही जपूनच. मान फार वळवली तर शीर धमनीच्या वर येते आणि सुई भलतीकडे जायचा धोका वाढतो. मग डॉक्टर मान जवळजवळ सरळ ठेवून सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात. जरा दाबला, की शीर चपटी होऊन दिसेनाशी होते. धमनी मात्र गोल राहून ठोके देत राहते. दोघींतला फरक असा कळतो. मग प्रोबचा भार हलका करायचा, मशीनच्या पुढच्या श्वासाला शीर पुन्हा भरेपर्यंत थांबायचं आणि तेव्हा सुई पुढे सरकवायची.