थंड टाकी, तापलेली जाळी

जुलैतली दुपार आहे. न्यू जर्सीतल्या एखाद्या घराच्या मागच्या अंगणात गॅसच्या ग्रिलवर कणसं आणि पनीर खरपूस भाजलं जातंय. जाळी दोनशे अंश सेल्सिअसच्याही पुढे गेलेली. आणि तिच्याखालच्या सिलिंडरला हात लावून पाहिलं, तर तो गार! बर्नर बराच वेळ मोठे ठेवले, की त्याच्या पोलादावर दव धरतं, कधीकधी चक्क पांढरं हिमसुद्धा.

याचं कारण असं, की आत काहीतरी उकळतं आहे. अमेरिकेतल्या ग्रिलच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे नऊ किलो द्रवरूप प्रोपेन मावतो. मोकळ्या हवेत तो उणे 42 अंशांना उकळतो; सिलिंडरमध्ये तो द्रव राहतो तो निव्वळ दाबामुळे. नॉब फिरवला, थोडा गॅस बाहेर पडला, की दाब किंचित उतरतो आणि द्रव पुन्हा उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या पोलादातून ओढून घेतो. म्हणून दवाची रेघ जिथे थांबते, तिथेच आतल्या प्रोपेनची पातळी असते. भारतातल्या आपल्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो, आणि तो शून्याच्या जेमतेम खाली उकळतो. अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीत तो गोठल्यासारखा गप्प बसला असता. प्रोपेन मात्र बर्फातही काम करतो.

ग्रिल बसवायच्या पुस्तिकेत सूचनांची भलीमोठी यादी असते आणि ती वाचायचा कंटाळा येतो. पण या द्रवाचा स्वभाव एकदा कळला, की त्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना आपली आपल्यालाच सुचली असती असं वाटतं.

सिलिंडर उभाच ठेवा, असं का? द्रव तळाशी असतो आणि वाफ वर. आडवा केला तर नळीत वाफेऐवजी द्रव शिरेल, आणि एक लिटर द्रवाचा होतो सुमारे 270 लिटर गॅस. सिलिंडर 80 टक्केच का भरायचा? तापल्यावर द्रव प्रोपेन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. त्याला जागा हवी. ती जागा राखायला झडपेत एक तरंगता गोळा बसवलेला असतो, तो पातळी चढली की वाट बंद करतो. ही झडप नसलेले छोटे सिलिंडर अमेरिकेत 2002 च्या एप्रिलपासून भरून मिळत नाहीत.

पुढचा चमत्कार रेग्युलेटरचा. उन्हाळ्यात सिलिंडरमधला दाब पाण्याचा 80 मीटर उंच स्तंभ तोलून धरू शकेल. रेग्युलेटरमधून बाहेर पडताना तो उरतो 28 सेंटीमीटर पाण्याएवढा. स्ट्रॉ पाण्यात वीतभर बुडवून फुंकर मारा, साधारण तेवढाच. इतका हळुवार दाब असल्यामुळेच दुसऱ्या कुठल्या ग्रिलचा किंवा स्वयंपाकघरातल्या शेगडीचा रेग्युलेटर इथे जोडायचा नसतो. सिलिंडरवर हाताने आवळायची ती प्लास्टिकची मोठी चकती स्वस्तातली वाटते, पण तिचं प्लास्टिक मुद्दाम निवडलेलं आहे. सांध्यापाशी आग लागली तर ते वितळतं, जोड सुटतो आणि आतली स्प्रिंगची झडप गॅस आपोआप बंद करते.

बाहेर आलेला प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही. पाण्यासारखा उतार शोधत वाहतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून ग्रिल सपाट, मोकळ्या जागेवर ठेवायचं, तळघराच्या खिडकीपासून दूर. जादा सिलिंडरही गॅरेजमध्ये किंवा घरात ठेवायचा नाही. अमेरिकेतल्या नमुना अग्निसंहितेनुसार सदनिकांच्या इमारतीत बाल्कनीवर किंवा भिंतीपासून 10 फुटांच्या आत ग्रिल पेटवता येत नाही.

जळायला प्रोपेनच्या एका भागाला हवेचे सुमारे 24 भाग लागतात. पंखा नाही, मोटर नाही. जेटच्या बारीक भोकातून सुसाटत निघालेला गॅसच शेजारची हवा नळीत ओढून नेतो. या नळीचं एक खास गिऱ्हाईक आहे: कोळी. काही जातींना इंधनाचा वास आवडतो असं दिसतं. 2011 मध्ये माझ्दा कंपनीने इंधनटाकीच्या हवानळीत पिवळ्या कोळ्यांनी जाळी विणल्यामुळे उत्तर अमेरिकेतून सुमारे 65,000 गाड्या परत बोलावल्या होत्या. बर्नरच्या नळीत जाळं झालं तर ज्योत मागे, नॉबच्या बाजूला फुटते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नळ्या ब्रशने साफ करायच्या.

आणि तो वास? प्रोपेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत गंधहीन नैसर्गिक वायू इमारतीखाली साचून स्फोट झाला आणि जवळजवळ 300 जण, बहुतेक मुलं, मरण पावले. त्यानंतर टेक्सासने वायूत वास मिसळणं सक्तीचं केलं. आज प्रोपेनमध्ये इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, तेही इतकं, की गॅस पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या पाचव्या हिश्शावरच नाकाला कळावं. नाकाच्या जोडीला साबणाचं पाणी: बर्नर बंद ठेवून सिलिंडर उघडायचा आणि प्रत्येक सांध्यावर फेस लावायचा. बुडबुडा फुगला, की गळती सापडली. काडी ओढून तपासायचं नाही.

शेवटी पेटवणं. सिलिंडर सावकाश उघडा; एकदम उघडला तर रेग्युलेटरला गळती झाल्यासारखी वाटते, तो प्रवाह रोखतो आणि ग्रिल तापतच नाही. झाकण उघडं हवं, कारण जड गॅस बंद पेटीत साठतो. बर्नर पहिल्या काही सेकंदांत पेटला नाही, तर बटण दाबत राहू नका. सगळं बंद करा, पाच मिनिटं जाऊ द्या आणि मगच पुन्हा पेटवा. तेवढ्या वेळात पेटीतला गॅस खालच्या फटींतून उतरून वाऱ्यावर विरून जातो.