मिकी माऊस नव्हे, कवला!

सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलात तर कुणीतरी पिवळ्या फुलाकडे बोट दाखवून ओरडणारच, ‘अरे, मिकी माऊस!’ पाकळीवरच्या दोन लाल ठिपक्यांमुळे चेहरा दिसतो खरा. पण या फुलाला आपलं मराठी नाव आहे, कवला. कुणी कवळाही म्हणतं. शास्त्रीय नाव स्मिथिया. (फोटो काढा, तोडू नका, तिथे बंदी आहे.) याच्याच एका भावंडाचा, स्मिथिया सेन्सिटिव्हाचा, कोवळा पाला पावसाळ्यात ठाणे-रायगडच्या बाजारांत रानभाजी म्हणून येतो. तिथल्या मावशींकडे ‘मिकी माऊसची जुडी’ मागून बघा, काय चेहरा करतात! ‘कवळा आहे का?’ विचारलंत, तर जुडी मिळेल आणि भाजी कशी करायची तेही कळेल.