काचपात्रातील अर्क : सदाफुलीच्या निमित्ताने

'अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात' अशा बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळतात. बातमी बहुधा खोटी नसते. परंतु पेशी कोणत्या, त्या कोठे मेल्या आणि किती अर्काने, हे तीत नसते. म्हणून ही चाचणी कशी होते ते समजून घेणे अगत्याचे आहे.

'अर्क' हा शब्द अरबी. मूळ अर्थ घाम. युनानी दवाखान्यातील अर्क ऊर्ध्वपातनाने गाळलेला असतो. प्रयोगशाळेतील अर्क बहुधा तसा नसतो. पानांची पूड मद्यार्कात वा पाण्यात भिजवून गाळतात, द्रावक उडवून टाकतात आणि उरलेला अंश निरनिराळ्या प्रमाणांत पेशींवर घालतात. या पेशी प्रायः ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या पट्टिकेत वाढविलेल्या असतात. एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचे पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे करतात. रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. ही पद्धत १९८३ साली मॉसमन यांनी मांडली. मात्र वनस्पतींतील काही घटक पेशी नसतानाही हे रसायन जांभळे करतात. म्हणून रिकाम्या खळग्यात नुसता अर्क घालून पाहावाच लागतो. ज्या निबंधात ही खबरदारी नाही, त्याच्या निष्कर्षावर फारसे विसंबू नये.

चेतापेशींची अडचण वेगळी आहे. प्रौढ चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे त्यांचा साठा वाढविता येत नाही. त्यांच्याऐवजी अनेकदा 'एसएच-एसवाय५वाय' ही पेशीमालिका वापरतात. ती एका चार वर्षांच्या मुलीच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगातून आली आहे. म्हणजे 'चेतापेशी वाचविल्या' असे वाचतो तेव्हा वाचलेली पेशी मुळात कर्कपेशीच असू शकते!

दोन्ही पेशींचे नाते सदाफुलीने (उर्दूत सदाबहार) स्पष्ट केले. मधुमेहावर जमैकात तिच्या पानांचा काढा घेत. कॅनडात नोबल आणि बिअर यांनी तो उंदरांवर तपासला. साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले. पुढे व्हिनक्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशी दुभंगताना आतील सूक्ष्म नलिकांचा सांगाडा लागतो. व्हिनक्रिस्टिन तो बांधू देत नाही. पण चेतातंतूंतील वाहतूकही अशाच नलिकांवरून चालते. परिणामी रुग्णाचे हातपाय बधिर होतात, मुंग्या येतात. हेच औषध चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात टोचले गेले तर ते बहुधा प्राणघातक ठरते.

म्हणूनच प्रौढ रुग्णास हे औषध शिरेतून, एका वेळी साधारणतः २ मिलिग्रॅमच्या मर्यादेत देतात. आपल्याकडे अंगणातील सदाफुलीची पाने सकाळी चावून खाणारे आहेत. त्या पानांत कोणते द्रव्य किती आहे, हे खाणाऱ्यास कळण्याचा काहीच मार्ग नाही.