झेपेल तेवढंच वजन, पण नेमाने



महिला दिनाला मी तुमच्याकडून पन्नास उठाबशा काढून घेतल्या, आठवतंय ना? दुसऱ्या दिवशी "खाली बसता येईना" म्हणून फोन आले आणि पुढच्या आठवड्यात व्यायामाला तिघीच आल्या. चूक माझी होती. म्हणून आज हिशोब नीट मांडते.

"आम्ही रोज हंडे उचलतो, आम्हाला कशाला व्यायाम?" असं बैठकीत हमखास विचारलं जातं. कामानं अंग दमतं, हे खरंच. पण हंडा भरलेलाच उचलावा लागतो, तोही बहुतेक एकाच कमरेवर. व्यायामात ओझं किती आणि किती वेळा, हे आपण ठरवतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा तर असा व्यायाम हवाच.

वजन कसं ठरवायचं?
एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या भरा. दोन्ही हातांत धरून खांद्यापर्यंत 10 वेळा उचला. उचलताना श्वास सोडा. शेवटच्या दोन वेळा जड गेलं, पण कंबर वाकली नाही, तर वजन बरोबर. पाचव्यालाच हात थकला तर पाणी कमी करा. 15 वेळा सहज झालं तर वाढवा.

किती करायचं?
• ओट्यावरून उठणं-बसणं 10 वेळा, बाटल्या 10 वेळा, भिंतीला हात टेकून जोर 10 वेळा. ही झाली एक फेरी.
• पहिले दोन आठवडे एकच फेरी. मग दोन. फार तर तीन.
• आठवड्यातून किमान दोन दिवस, मध्ये एक दिवस सुटी. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना दोन दिवस तरी असा व्यायाम सांगते.
• वजन आणि फेऱ्या एकदम वाढवू नका.
• लावणी-कापणीच्या दिवसांत फेरी कमी करा, पण बंद करू नका.

एक-दोन दिवस अंग दुखलं तर घाबरू नका. सांध्यात कळ आली, छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गरोदर, बाळंतीण, बीपी असलेल्या किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या तायांनी आधी दवाखान्यात विचारावं. लाजू नका, आशाताईंना सोबत न्या.

कर्ज घेताना आपण आधी विचारतो, हप्ता झेपेल का? इथंही तेच विचारा.

पुढच्या बैठकीला दोन बाटल्या भरून आणा. या वेळी पन्नास नाही, दहाच!

तुमची समन्वयक