इंग्रजी यादीतला ‘द’: सही एकाची की दोघांची?

‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर शॅल साइन द चेक्स.’ एखाद्या संस्थेच्या इंग्रजी ठरावात हे वाक्य असेल, तर चेकवर सही एकाची लागणार की दोघांची? व्याकरणाप्रमाणे ‘द’ एकदाच आला म्हणजे सचिव आणि खजिनदार ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे आहेत. माणसं दोन असतील तर ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर’ असं लिहावं लागतं. पुढे ‘इज’ किंवा ‘आर’ असतं तर त्यावरून तरी कळलं असतं, पण ‘शॅल’ एकालाही चालतं आणि दोघांनाही. त्यात रोजच्या वापरात बरेच लोक दोघांसाठीही एकच ‘द’ लिहितात, म्हणजे वादाला जागा राहतेच. मस्जिद ट्रस्ट असो की शाळेची समिती, ठराव इंग्रजीत करायचा तर दुसरा ‘द’ लिहाच. पैशांचा मामला असेल तर ‘जॉइंटली’ हा शब्दही टाका.

आपल्या मुलांना हे जड का जातं? उर्दूतही आर्टिकल नाही, मराठीतही नाही. ‘क़लम, कॉपी और रबर’ म्हटलं की काम झालं. पण मकतबमध्ये अरबी शिकलेल्या मुलाला एक गोष्ट आधीच माहीत असते: ‘अल-किताबु वल-क़लमु’. किताबला ‘अल’, क़लमलाही ‘अल’. प्रत्येक नामाला त्याचं स्वतःचं. इंग्रजीतला ‘द’ शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर लिहावं, मुलं चटकन पकडतात.

आता ‘ए’ आणि ‘ॲन’. ‘आय बॉट ए पेन, नोटबुक अँड इरेजर’ हे वाक्य खटकतं, कारण इरेजरला ‘ए’ चालत नाही, ‘ॲन’ लागतो. बरोबर वाक्य: ‘ए पेन, ए नोटबुक अँड ॲन इरेजर’. यादीत दुसऱ्या नामाला आर्टिकल दिलं की शेवटपर्यंत देत जायचं, मध्येच सोडायचं नाही. नेहमी जोडीनेच येणाऱ्या वस्तूंना मात्र एकच पुरतं, जसं ‘ए कप अँड सॉसर’. आणि निवड अक्षरावर नाही, उच्चारावर होते. म्हणून ‘ॲन उर्दू स्कूल’, पण ‘ए युनिव्हर्सिटी’, ‘ए बी.एड. टीचर’, पण ‘ॲन एम.ए. टीचर’. नोकरीच्या अर्जात ‘ए उर्दू टीचर’ लिहिलेलं किती वेळा दिसतं! उर्दू शिकवणाऱ्याच्या अर्जात तरी ते दिसू नये.

किराण्याची यादी वेगळी. राइस, शुगर, मिल्क मोजत नाहीत, मापतात, म्हणून त्यांना ‘ए’ नाही. ‘ए केजी ऑफ शुगर’ म्हटलं तर तो ‘ए’ किलोचा, साखरेचा नाही. मोजायच्या आणि मापायच्या वस्तू एकत्र आल्या तर ‘राइस, ऑइल अँड ए बकेट’ असंच होणार. एकालाच ‘ए’ दिसतो म्हणून घाबरायचं कारण नाही.

बकरी ईदचं उदाहरण वर्गात सगळ्यांना आवडतं. ‘ए ब्लॅक अँड व्हाइट गोट’ म्हणजे एकच बकरा, काळा-पांढरा. ‘ए ब्लॅक अँड ए व्हाइट गोट’ म्हणजे दोन बकरे, एक काळा, एक पांढरा. एका ‘ए’ने खर्च दुप्पट!

जिल्ह्यावर निबंध लिहिताना नद्यांना ‘द’ लागतो: ‘द गोदावरी, द पूर्णा अँड द दुधना’. एकदाच ‘द’ देऊन शेवटी ‘रिव्हर्स’ लिहिलं तरी चालतं. गावांना मात्र काहीच नाही: जालना, अंबड, परतूर, भोकरदन. ‘द जालना’ असं कुणी लिहू नये. पण ‘द जालना डिस्ट्रिक्ट कोर्ट’ बरोबर आहे, कारण तिथला ‘द’ गावाचा नसून कोर्टाचा आहे.